दोन चाकांवरचे बिऱ्हाड

सायकलवरून दूरच्या प्रवासाला जाण्याची हौस अनेकांना असते. पण बरोबर कोणते सामान घ्यावे, कोणते घेऊ नये आणि घेतलेले सामान सायकलवर कसे बांधावे, याचा विचार फार थोडे जण करतात. प्रस्तुत पाठात लेखकाने आपल्या अनुभवाच्या आधारे ही माहिती सांगितली आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चार मित्रांनी सायकलवरून कोकणात जायचे ठरवले. आम्ही तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. अलिबागहून निघायचे, रेवदंडा, काशीद, मुरूड करत आगरदांड्याला पोचायचे, तेथे फेरीबोटीने खाडी ओलांडून दिघीला उतरायचे आणि दिवेआगर, श्रीवर्धन या मार्गाने हरिहरेश्वर गाठायचे, असा आमचा बेत होता. अंतर सुमारे १२० किलोमीटर. तीन दिवसांचा प्रवास आणि दोन मुक्काम. हॉटेलात राहण्याइतके पैसे जवळ नव्हते, म्हणून तंबूत राहायचे ठरले.

निघण्याच्या आदल्या रात्री सामान गोळा झाले. एकाने घरचा स्टोव्ह आणला. दुसऱ्याने दोन पातेली, एक तवा आणि पाच किलो तांदूळ आणले. तिसऱ्याच्या अम्मीने, "थंडीचे दिवस आहेत, गारठू नका," असे म्हणत त्याला जाड रजई बांधून दिली. मी वाचायला चार पुस्तके घेतली. तंबू भाड्याने आणला होता. तो जाड कापडाचा आणि लोखंडी खांबांचा होता. तो उचलायला दोघे लागत. पंप आणि पंक्चर काढण्याचे सामान मात्र कोणीच घेतले नव्हते. प्रत्येकाला वाटले, ते दुसऱ्याने घेतले असेल.

सकाळी आम्ही मोठ्या उत्साहाने निघालो. आमच्यातला एक मित्र चांगला दणकट होता. त्यामुळे तंबू आणि रजई त्याच्याच सायकलच्या कॅरिअरवर दोरीने बांधली होती. सामानाचा ढीग त्याच्या खांद्यापर्यंत पोचला होता. सपाट रस्त्यावर काही वाटले नाही. रेवदंड्याचा पूल आम्ही हसत-खिदळत ओलांडला. पुढे एका उतारावर सायकलींनी वेग घेतला. मित्राने ब्रेक दाबला, पण सायकल थांबेना. तेवढ्यात मागचे चाक खड्ड्यात आदळले. दोरीची गाठ सैल झाली, दोरीचे टोक चाकात गेले आणि स्पोकमध्ये गुंडाळले गेले. चाक जागच्या जागी अडकले. मित्र सायकलसकट रस्त्यावर फेकला गेला. मागून एक जीप येत होती. चालकाने जोरात ब्रेक मारला. जीप थांबली, तेव्हा तिचे चाक आणि मित्राचे डोके यांत जेमतेम दोन हातांचे अंतर उरले होते.

मित्राच्या मनगटाचे हाड मोडले. त्याच जीपमधून आम्ही त्याला दवाखान्यात नेले. आमची सहल पहिल्याच दिवशी संपली.

चार दिवसांनी मोडकी सायकल घेऊन आम्ही मोहल्ल्यातल्या सायकलवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली. मग म्हणाले, "तुम्ही नेलं होतं ते सगळं सामान घेऊन या आणि इथे ओट्यावर मांडा."

आम्ही सामान आणून मांडले. चाचांनी ते पाहिले आणि विचारले, "बेटा, यातलं रस्त्यात काय मिळत नाही, ते मला दाखव."

आम्ही गप्प झालो. तांदूळ कोणत्याही गावात मिळतो. कोकणातल्या त्या रस्त्यावर दर काही किलोमीटरवर एखादी खाणावळ, निदान चहाची टपरी भेटतेच. मग स्टोव्ह, पातेली आणि तवा कशासाठी घेतला?

"बरं, पंप कुठाय?" चाचांनी विचारले.

या प्रश्नालाही आमच्याकडे उत्तर नव्हते.

चाचांनी त्या दिवशी आम्हाला एक साधी गोष्ट शिकवली. प्रवासाच्या सामानाचे दोन ढीग करायचे. जी वस्तू नसली तर फक्त गैरसोय होते, ती पहिल्या ढिगात ठेवायची. जी वस्तू नसली तर प्रवास अडतो किंवा जिवावर बेतते, ती दुसऱ्या ढिगात ठेवायची. पहिला ढीग जितका लहान करता येईल तितका करायचा. दुसऱ्या ढिगातली एकही वस्तू मागे ठेवायची नाही. आम्ही नेमके उलटे केले होते. रजई घेतली होती आणि पंप विसरलो होतो.

वजनाचा एवढा विचार का करायचा, असे तुम्ही विचाराल. बस किंवा रेल्वेने जाताना पिशवी दोन किलोने जड झाली, तर ती गाडीत चढवताना आणि उतरवताना तेवढी जाणवते. सायकलवर मात्र प्रत्येक किलो आपल्या पायांनीच ओढायचा असतो. आपल्याकडची साधी सायकल मुळातच सुमारे २० किलो वजनाची असते. तिच्यावर दहा किलो जादा ओझे लादले आणि प्रवासात एकूण १०० मीटर उंचीचे चढ चढले, तर ते दहा किलोची पिशवी घेऊन सुमारे तीस मजले चढण्यासारखे होते. कोकणातला किनाऱ्याचा रस्ता नकाशात सपाट वाटतो. प्रत्यक्षात मात्र तो खाडीशी उतरतो, टेकडीवर चढतो आणि पुन्हा उतरतो.

चढावर ओझ्याने फक्त दम लागतो. खरा धोका उतारावर असतो. सायकल, स्वार आणि सामान यांचे वजन जितके जास्त, तितके ब्रेकला जास्त काम पडते. त्यात वेगही वाढला, तर धोका फार वाढतो, कारण वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारे अंतर सुमारे चौपट होते. हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात शिकला असाल. त्या दिवशी उतारावर आमच्या मित्राने ब्रेक दाबूनही सायकल का थांबली नाही, हे आम्हाला आता कळले.

सामान किती, याइतकेच ते कोठे आणि कसे बांधले, हेही महत्त्वाचे असते. सामान उंच रचले, की सायकल डोलू लागते. वळणावर ती एका बाजूला ओढली जाते. म्हणून जड वस्तू शक्य तितक्या खाली ठेवाव्यात. पूर्वी घोड्यावर किंवा बैलावर सामान न्यायला दोन्ही बाजूंना लोंबणारी जोडपिशवी वापरत. तिला उर्दूत खुरजीन म्हणतात आणि मराठीत खुर्जी. सायकलच्या मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लावायची पिशवीही तशीच असते. ती बाजारात तयार मिळते, पण महाग असते. चाचांनी आम्हाला शिंप्याकडे पाठवले. आम्ही जाड ताडपत्रीच्या कापडाच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या आणि रुंद पट्ट्यांनी त्या एकमेकींना जोडल्या. अशी जोडी कॅरिअरवर टाकली, की दोन्ही पिशव्या चाकाच्या दोन बाजूंना बसतात.

पिशवीच्या चाकाकडच्या अंगाला आतून प्लॅस्टिकचा किंवा पातळ प्लायवूडचा कडक तुकडा बसवला पाहिजे. तो नसेल, तर मऊ पिशवी हेलकावे खाऊन चाकात जाते. पिशवीचे खालचे टोकही कॅरिअरच्या दांडीला पट्ट्याने बांधावे. पिशवी फार पुढे बांधली, तर पायडल मारताना टाच तिला लागते; म्हणून ती थोडी मागे सरकवावी. पट्ट्यांची आणि दोरीची मोकळी टोके कधीही लोंबती ठेवू नयेत. ती आत खोचावीत किंवा कापून टाकावीत. आमच्या मित्राचे हाड अशाच एका लोंबत्या टोकामुळे मोडले होते.

दोन्ही बाजूंचे वजन सारखे असावे. त्यासाठी आम्ही ताणकाटा वापरला. प्रत्येक पिशवी काट्याला अडकवून वजन पाहायचे आणि फरक असेल, तर एखादी वस्तू इकडची तिकडे करायची. अंदाजाने भरलेल्या पिशव्यांत दीड-दोन किलोंचा फरक सहज निघतो, हे पाहून आम्हाला आश्चर्य वाटले.

पाठीवर पिशवी घेऊन सायकल चालवणे टाळावे. तिने खांदे दुखतात, पाठीला घाम येतो आणि वजनही उंचावर राहते. हँडलला लावायची पिशवी लहान आणि हलकी असावी. तिच्यात नकाशा, पैसे, मोबाइल अशा पटकन लागणाऱ्या वस्तू ठेवाव्यात. हँडलवर जड वस्तू असली, तर सायकल वळवणे अवघड होते.

आता राहण्याच्या सामानाकडे वळू. सामान कोणते घ्यायचे, हे जागा आणि ऋतू ठरवतात. लडाखमधल्या उंच खिंडींतून सायकलने जाणाऱ्याला जाड पिशवीवजा अंथरूण लागते. तेथे उन्हाळ्यातही रात्री कडाक्याची थंडी पडते. कोकणात डिसेंबर-जानेवारीतही एक चादर आणि एक स्वेटर पुरतो. तेथे दव आणि डास यांचा त्रास थंडीपेक्षा जास्त असतो. म्हणून कोकणासाठी जाळी असलेला, दुहेरी कापडाचा हलका तंबू चांगला. आतल्या कापडातून हवा खेळते आणि बाहेरचे कापड दव अडवते. दोघांचा असा तंबू दोन ते अडीच किलोंचा असतो. तो एकाने कापड आणि दुसऱ्याने खांब असा वाटून न्यावा. ज्यांना तंबू परवडत नाही, ते ताडपत्री, दोरी आणि मच्छरदाणी यांवरही काम भागवू शकतात.

अंथरायला फोमची गुंडाळता येणारी चटई घ्यावी. तिचे वजन फारसे नसते. पण जमिनीचा ओलावा आणि गारवा ती अंगापर्यंत येऊ देत नाही. पुष्कळ जण पांघरूण जाड घेतात आणि अंथरूण विसरतात. थंड जमीन खालूनही शरीराची उष्णता ओढून घेते, हे त्यांच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या, म्हणजे कधीच मागे न ठेवण्याच्या ढिगात पुढील वस्तू येतात. हवा भरायचा पंप, जादा ट्यूब, पंक्चरची ठिगळे, सोल्युशन, काचपेपर आणि टायर काढायच्या पट्ट्या. नटबोल्टला बसणारे पान्हे आणि ब्रेकचे जादा रबर. डोक्यावर हेल्मेट, पुढे दिवा आणि मागे लाल दिवा. मलमपट्टीचे सामान आणि नेहमीची औषधे. पुरेसे पाणी. चार्ज केलेला मोबाइल. भारतात कोणत्याही संकटात ११२ या क्रमांकावर मदत मागता येते आणि महाराष्ट्रात १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. हे दोन क्रमांक पाठ असावेत.

पाण्याबद्दल थोडे अधिक सांगितले पाहिजे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. म्हणून पाणी कमी घ्यावे असा मोह होतो. पण उन्हात सायकल चालवताना घामावाटे पाणी आणि क्षार दोन्ही जातात. चक्कर येते, पायात पेटके येतात. यासाठी निदान दोन-तीन लिटर पाणी जवळ ठेवावे आणि ते गावागावांत भरून घ्यावे. साखर आणि मीठ यांच्या पुड्याही बरोबर असू द्याव्यात. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा लहान चमचा मीठ घातले, की जुलाबात उपयोगी पडणारे पेय तयार होते. प्रमाण मात्र चुकवू नये. मीठ जास्त झाले, तर उपाय होण्याऐवजी अपाय होतो.

मित्राचा हात बरा झाल्यावर जानेवारीत आम्ही पुन्हा निघायचे ठरवले. या वेळी आम्ही यादी केली आणि प्रत्येक वस्तू वजन करूनच पिशवीत टाकली. एकाच्या वाट्याला आलेले सामान असे होते : तंबूचा अर्धा भाग १ किलो २५० ग्रॅम, चटई ५०० ग्रॅम, चादर ५०० ग्रॅम, कपडे आणि स्वेटर दीड किलो, हत्यारे आणि ट्यूब १ किलो, औषधे २५० ग्रॅम, चणे-गूळ-खजूर १ किलो, टॉर्च, साबण, ताट वगैरे ७५० ग्रॅम, पाणी ३ किलो आणि रिकाम्या पिशव्या १ किलो २५० ग्रॅम. एकूण ११ किलो. पंप आणि पान्हे कोणाकडे आहेत, हे कागदावर नावासह लिहिले होते. जादा ट्यूब मात्र प्रत्येकाकडे स्वतःची होती.

भरण्याचाही एक क्रम असतो. जड वस्तू तळाशी आणि चाकाच्या बाजूला ठेवायच्या. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मधे ठेवायचे. पंक्चरचे सामान आणि औषधे अगदी वर ठेवायची. तंबू आणि चटई कॅरिअरवर लांबीच्या दिशेने, रुंद पट्ट्यांनी घट्ट बांधायची. मागच्या चाकावर भार जास्त असल्यामुळे त्यात हवा नीट भरलेली असावी.

सामान भरून झाल्यावर आम्ही चाचांना दाखवले. त्यांनी एकेक सायकल हाताने हलवून पाहिली. माझ्या पिशवीत त्यांना चार पुस्तके सापडली.

"ही कोण वाचणार, बेटा?" त्यांनी विचारले.

"मी, चाचा. रात्री."

"रात्री तू झोपशील. एक घे, तीन ठेव."

मी तीन पुस्तके काढून ठेवली. मग चाचांनी आम्हाला भरलेल्या सायकली घेऊन गावाबाहेर पंधरा किलोमीटर फिरून यायला सांगितले. त्या फेरीत एका मित्राच्या कॅरिअरचा बोल्ट सैल झाला आणि दुसऱ्याची टाच पिशवीला लागू लागली. घराजवळ या चुका पाच मिनिटांत दुरुस्त झाल्या. वाटेत एखाद्या उतारावर त्या महागात पडल्या असत्या.

या वेळचा प्रवास अगदी वेगळा झाला. रेवदंड्याच्या पुढचा तोच उतार आला, तेव्हा कोणी काही बोलले नाही. वरूनच दोन्ही ब्रेक हळूहळू दाबत आम्ही सावकाश खाली आलो. हात मोडलेला मित्र सर्वांत मागे होता. खाली आल्यावर त्याने एकदा वळून वर पाहिले आणि पुन्हा पायडल मारू लागला.

पहिला मुक्काम मुरूडजवळ होता. नारळ-सुपारीच्या एका वाडीत आम्ही मालकांची परवानगी मागितली. ते वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी राहायला आनंदाने होकार दिला. पण आम्ही एका उंच माडाखाली तंबू उभारू लागताच ते धावत आले. "पोरांनो, माडाखाली झोपू नका. नारळ आणि झावळ्या विचारून पडत नाहीत," असे म्हणून त्यांनी आम्हाला विहिरीजवळची मोकळी जागा दाखवली. पहाटे धप्प असा आवाज आला. उजाडल्यावर पाहिले, तर आम्ही आधी निवडलेल्या जागेवर एक मोठी वाळलेली झावळी पडली होती. तंबूची जागा निवडताना आधी वर पाहावे आणि मग खाली, हा धडा आम्हाला तेथे मिळाला.

खाली काय पाहायचे, तेही सांगतो. किनाऱ्यावर तंबू लावायचा मोह होतो. पण भरतीचे पाणी रात्री कोठपर्यंत येईल, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. कोरड्या ओढ्याच्या पात्रातही तंबू लावू नये. वाळूत तंबूचे खुंटे टिकत नाहीत. तेथे काठीला मधोमध दोरी बांधून ती काठी वाळूत आडवी पुरावी लागते. याउलट कोकणातल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत खुंटा शिरतच नाही. तेथे दोऱ्या मोठ्या दगडांना बांधाव्यात. सकाळी बूट घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकावेत. विंचू किंवा किडा आत शिरलेला असू शकतो.

दवामुळे सकाळी तंबूचे बाहेरचे कापड ओले झाले होते. ते तसेच गुंडाळले असते, तर जड झाले असते आणि पुढे त्याला बुरशी लागली असती. म्हणून चहा होईपर्यंत आम्ही ते उन्हात वाळवले.

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याला फेरीबोटीत चढलो. खाडीच्या तोंडाशी जंजिरा किल्ला दिसत होता. सायकली भिंतीला टेकवून आम्ही त्यांचे हँडल धरून उभे राहिलो. कारण बोट हलली, की भरलेली सायकल आडवी व्हायला वेळ लागत नाही. दिघीच्या पुढे रस्ता टेकड्यांवर चढू लागला. अशाच एका चढावर, दिवस मावळायला आला असताना, माझ्या मागच्या चाकाची हवा गेली. आसपास गाव नव्हते. दोन महिन्यांपूर्वी असे झाले असते, तर आम्ही अंधारात रस्त्यावर बसून राहिलो असतो. आता मी पिशवीतून वरचीच पुडी काढली. एकाने चाक खोलले, दुसऱ्याने पंप काढला. नवी ट्यूब बसवून वीस मिनिटांत आम्ही पुन्हा सायकलवर होतो. दिवे लावून, एकामागे एक राहून आम्ही पुढचे गाव गाठले. तेथे शाळेच्या आवारात राहायची परवानगी मिळाली आणि खाणावळीत गरम मच्छीकढी-भात मिळाला. स्टोव्हची आठवण कोणालाही झाली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही हरिहरेश्वरच्या समुद्रकाठी उभे होतो.

पुढे माझ्या वाचनात एक हकीकत आली. १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले होते. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा या तिघांनी तो पुरा केला. इराण, इराक, सीरिया असे देश ओलांडत ते सुमारे ७१,००० किलोमीटर फिरले आणि १९२८ मध्ये मुंबईला परत आले. आमचा प्रवास त्यांच्यापुढे अगदीच लहान. पण ती हकीकत वाचताना मला चाचांचा ओटा आणि त्यावरचे ते दोन ढीग आठवले. साडेचार वर्षांच्या प्रवासालाही घर बरोबर नेता येत नाही. वाट जे देते ते वाटेवर घ्यायचे आणि वाट जे देऊ शकत नाही, तेवढेच बरोबर न्यायचे.

मुलांनो, तुम्हीही मोठ्या माणसांच्या संमतीने आणि सोबतीने असा प्रवास जरूर करा. सुरुवात जवळच्या गावापासून आणि एका मुक्कामापासून करा. निघण्याच्या आदल्या दिवशी सगळे सामान जमिनीवर मांडा आणि त्याचे दोन ढीग करा. पहिल्या ढिगातल्या निम्म्या वस्तू घरात परत ठेवा. दुसरा ढीग दोनदा मोजा. मग पट्ट्यांची टोके आत खोचा आणि निघा.

शब्दार्थ

बिऱ्हाड – घरसंसाराचे सामान, मुक्काम
जिवावर बेतणे – जीव धोक्यात येणे
खुर्जी – दोन्ही बाजूंना लोंबणारी जोडपिशवी
ताणकाटा – वस्तू अडकवून वजन करायचे साधन
वाडी – नारळ, सुपारी वगैरे झाडांची बाग
झावळी – नारळाच्या झाडाचे लांब पान
जांभा – कोकणात आढळणारा तांबडा दगड

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पहिल्या प्रवासात पंप कोणीच का घेतला नव्हता?
(आ) पिशवीच्या चाकाकडच्या बाजूला कडक तुकडा का बसवावा?
(इ) वाडीच्या मालकांनी मुलांना माडाखाली झोपू का दिले नाही?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) चाचांनी सांगितलेले दोन ढीग कोणते? त्यांतील फरक स्पष्ट करा.
(आ) तंबूसाठी जागा निवडताना कोणती काळजी घ्यावी?

३. खुर्जी हा शब्द उर्दूत आणि मराठीत थोड्या फरकाने आढळतो. दोन्ही भाषांत आढळणारे असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

४. तुम्हाला दोन दिवस सायकलने प्रवास करायचा आहे, असे समजा. सामानाची यादी करा आणि प्रत्येक वस्तूसमोर तिचे वजन लिहा.